वाचकांचे प्रश्न : मला सरकार लहान हवं, मग मत कोणाला देऊ?

ताई, मी मिल्टनच्या पूर्व भागात राहतो. मालवाहतुकीचा छोटा धंदा आहे, तीन ट्रक आहेत. अलीकडेच कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, त्यामुळे पुढची संसदीय निवडणूक ही माझी इथली पहिलीच. माझं म्हणणं सरळ आहे. सरकारने पोलीस, न्यायालयं, रस्ते आणि सरहद्द सांभाळावी, बाकी माणसाला त्याच्या बुद्धीने जगू द्यावं. कर कमी असावेत, परवान्यांचा जाच नसावा. पण कोणी कोणाशी लग्न करावं, घरात बसून काय ओढावं, काय बोलावं आणि वाचावं, हेही सरकारने ठरवू नये. मित्र म्हणतात, मग तू कॉन्झर्व्हेटिव्हच. मला ते पूर्ण पटत नाही. बर्निए यांच्या पीपल्स पार्टीचा विचार केला. लिबर्टेरियन पार्टी मनाने सर्वांत जवळची, पण तिला मत म्हणजे मत वाया, असं घरच्यांचं मत. की कोणालाच देऊ नये?
— एक वाचक, मिल्टन, ऑन्टारिओ

उत्तर : घरी बसू नका. तुमच्या पत्त्यावर राहणाऱ्या माणसाने तर नाहीच. तुम्ही मिल्टनचा पूर्व भाग लिहिलात, म्हणजे बहुधा तुमचा मतदारसंघ मिल्टन ईस्ट–हाल्टन हिल्स साउथ. २८ एप्रिल २०२५च्या निवडणुकीत तिथे आधी कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार पुढे दिसत होता, मग आकड्यांची पडताळणी झाली तेव्हा लिबरल उमेदवार पुढे गेली आणि न्यायालयीन फेरमोजणीनंतर ती २१ मतांनी निवडून आली. अकरा माणसांनी शिक्का इकडचा तिकडे मारला असता तर खासदार बदलला असता. त्याच निवडणुकीत विंडसर–टेकमसे–लेकशोअर ४ मतांनी ठरला, न्यूफाउंडलंडमधला टेरा नोव्हा १२ मतांनी, आणि क्वेबेकमधल्या टेरबोनमध्ये फेरमोजणीत फरक निघाला एका मताचा. तो निकाल पुढे न्यायालयात लढवला गेला.

हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रात तीन पक्ष आहेत आणि मतदारसंघ कुठेच नाही. इथे तुम्ही पंतप्रधान निवडत नाही. ३४३ मतदारसंघांपैकी एकात एक माणूस निवडता, आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो, मग ती ३५ टक्के का असेनात. त्यामुळे तुमच्याच विचारांचा माणूस आल्बर्टाच्या ग्रामीण भागात राहत असेल तर त्याला मी एक उत्तर देईन आणि तुम्हाला दुसरं.

मी ओटावाच्या कडेला कार्लटन मतदारसंघात राहते, आणि निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते. २०२५ मध्ये आमच्या मतपत्रिकेवर ९१ नावं होती, कागद जवळजवळ मीटरभर लांब. निवडणूक पद्धतीच्या निषेधासाठी काही कार्यकर्त्यांनी मुद्दाम इतके अर्ज भरले होते. रात्री प्रत्येक मतपत्रिका उलगडून उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायची, मग ढिगात ठेवायची. त्या ढिगांकडे पाहताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. ‘पक्ष आवडतो पण माणूस आवडत नाही’ हे सांगायला मतपत्रिकेवर जागाच नसते. कार्लटनच्या लोकांनी मात्र ते सांगितलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पिएर पोलिएव्ह २००४पासून ओटावाच्या या भागातून निवडून येत होते, देशभर त्यांच्या पक्षाला ४१ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली, आणि स्वतः ते ब्रूस फॅनजॉय नावाच्या, राजकारणात नवख्या लिबरल उमेदवाराकडून चार हजारांहून जास्त मतांनी हरले. फॅनजॉय दोन वर्षं दारोदार फिरत होते. स्वातंत्र्यवादी मतदाराने यातून घ्यायचं ते हे की उमेदवाराला गाठता येतं, प्रश्न विचारता येतो, आणि त्याचं उत्तर मतावर परिणाम करू शकतं.

आता पक्षांकडे येते. तुमच्या मित्रांना कॉन्झर्व्हेटिव्ह आणि स्वातंत्र्य हे समीकरण सोपं वाटतं. मला वाटत नाही, आणि उलटं समीकरणही खरं नाही. मी स्वतः पक्षाचं नाव झाकून एकच गोष्ट बघते : ज्यांची मतं आपल्याला मिळत नाहीत अशा लोकांच्या स्वातंत्र्यावर घाला आला, तेव्हा हे कोणत्या बाजूला उभे होते?

तुम्ही ट्रकवाले आहात, म्हणून २०२२चा हिवाळा घेऊ. १५ जानेवारीला सीमा ओलांडणाऱ्या ट्रकचालकांना लसीची अट लागू झाली आणि महिनाअखेरीस विरोध करणाऱ्या ट्रकचा ताफा ओटावात येऊन संसदेसमोरच्या वेलिंग्टन स्ट्रीटवर ठाण मांडून बसला. माझी मैत्रीण जवळच्या सेंटरटाउनमध्ये राहते. रात्रंदिवस भोंगे, डिझेलचा धूर, घराबाहेर पडायची भीती. मी तिच्याकडून रोज ऐकत होते आणि त्या आंदोलनाबद्दल मला आजही प्रेम नाही. शेजाऱ्याला झोपू न देणं हे कोणाचंच स्वातंत्र्य नसतं. पण तो आवाज थांबवला कोणी? त्या भागातली एक तरुण रहिवासी न्यायालयात गेली आणि ७ फेब्रुवारीला न्यायाधीशांनी भोंगे वाजवायला मनाई केली. साधा नागरिक, साधा दावा, साधा कायदा. एक आठवड्याने, १४ फेब्रुवारीला, तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांच्या लिबरल सरकारने आणीबाणी कायदा लावला. न्यायालयाचा आदेश न घेता बँकांना खाती गोठवायला सांगितलं आणि सुमारे २८० खाती गोठली. २१ तारखेला संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सने, १८५ विरुद्ध १५१ मतांनी त्याला मंजुरी दिली. लिबरल आणि डाव्या विचारांची एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) बाजूने, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि क्वेबेकपुरता पक्ष ब्लॉक क्वेबेक्वा विरोधात. दोन दिवसांत सरकारने तो मागे घेतला. जानेवारी २०२४ मध्ये फेडरल कोर्टाचे न्यायाधीश रिचर्ड मोस्ली यांनी तो निर्णय असमर्थनीय आणि हक्कांचा भंग करणारा ठरवला. सरकारनेच नेमलेल्या रुलो आयोगाने त्याच्या वर्षभर आधी उलट निष्कर्ष काढला होता, हेही सांगायला हवं. मी मोस्लींच्या बाजूची आहे. ज्याच्याशी माझं पटत नाही त्याचं खातं माझ्या सरकारने न्यायाधीशाशिवाय गोठवलं, तर उद्या माझ्या खात्याला संरक्षण कसलं?

इथे गुण कॉन्झर्व्हेटिव्हांना. आता मागे जा. २०१५ मध्ये हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने दहशतवादविरोधी कायदा आणला आणि गुप्तचर संस्थेला आजवर नव्हते असे अधिकार दिले. लिबरलांनी त्याला मत दिलं. विरोधात ठाम राहिले एनडीपी आणि ग्रीन. त्याच्या आदल्या वर्षी दुहेरी नागरिकत्व असलेल्यांचं कॅनडाचं नागरिकत्व काही गुन्ह्यांसाठी काढून घेण्याची तरतूद झाली. ती २०१७ मध्ये लिबरलांनी रद्द केली. तुम्ही नुकतीच शपथ घेतली आहे, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा. एका नागरिकाचं नागरिकत्व काढून घेता येतं आणि दुसऱ्याचं नाही, असा फरक सरकारने करावा की नाही, याइतका मूळ प्रश्न मला दुसरा दिसत नाही. आणि एप्रिल २०२५च्या प्रचारात पोलिएव्ह म्हणाले की अनेक खून करणाऱ्यांच्या शिक्षा एकामागून एक भोगायला लावण्यासाठी ते राज्यघटनेतल्या हक्कसनदेच्या ३३व्या कलमाचा वापर करतील. हे कलम संसदेला आणि प्रांतांच्या विधिमंडळांना न्यायालयाने मान्य केलेले काही मूलभूत हक्क पाच वर्षांसाठी बाजूला ठेवू देतं. केंद्राने ते कधीच वापरलेलं नाही. क्वेबेकने २०१९ मध्ये त्याच कलमाच्या आधाराने शिक्षकांना आणि पोलिसांना पगडी किंवा हिजाब घालायला बंदी केली. खुन्यांबद्दल कोणाला सहानुभूती नसते, म्हणूनच असा पायंडा त्यांच्यापासून सुरू होतो.

लिबरलांचं खातंही असंच मिसळलेलं. समलिंगी विवाह २००५ मध्ये त्यांच्या काळात कायदेशीर झाला, गांजा १७ ऑक्टोबर २०१८ला. ‘घरात काय ओढावं’ हा तुमचा मुद्दा त्यांनीच सोडवला. पण २०२३चे इंटरनेटवरचे दोन कायदेही त्यांचे. त्यातल्या एकामुळे मेटाने कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या बातम्या बंद केल्या, आणि त्या वर्षी उन्हाळ्यात वणवे पेटले असताना लोकांना तिथे बातमी वाचता येत नव्हती. मार्क कार्नी पंतप्रधान झाल्यावर १ एप्रिल २०२५पासून ग्राहकांवरचा कार्बन कर शून्य झाला. तुमच्या डिझेलवर तो लिटरमागे २१ सेंटहून जास्त होता, तुम्हाला फरक जाणवला असेलच. आयकराचा सर्वांत खालचा दर १५वरून १४ टक्के झाला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी सीमासुरक्षेच्या नावाने आणलेल्या विधेयकात वॉरंटशिवाय माहिती मागण्याचे अधिकार आणि १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला बंदी, असं दोन्ही होतं. नागरी स्वातंत्र्याच्या संघटनांनी त्यावर टीकेची झोड उठवली.

धंद्याच्या स्वातंत्र्याबद्दल तर सगळ्यांनी निराश केलं आहे. दूध, अंडी आणि कोंबडीचा पुरवठा इथे कोट्याने बांधलेला आहे. कोट्याबाहेर आयात केलेल्या लोण्यावर २९८.५ टक्के शुल्क, चीजवर २४५.५. हे परकीय व्यापारकरारात कधीच सैल करायचं नाही, असा कायदा जून २०२५ मध्ये कॉमन्समध्ये एकमताने मंजूर झाला. तिथे ‘मुक्त बाजार’ म्हणणारे शंभरावर खासदार बसलेले असताना. प्रांतांमधल्या व्यापाराचं तसंच. न्यू ब्रन्सविकमधल्या जेरार कोमो या निवृत्त माणसाने २०१२ मध्ये शेजारच्या क्वेबेकमधून बीअर आणली म्हणून त्याला २९२ डॉलर ५० सेंट दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि २०१८ मध्ये हरला. एकाच देशात! अमेरिकेने आयातशुल्क लादल्यानंतर मात्र सगळे नेते प्रांतांमधल्या भिंती पाडायला निघाले, आणि त्या कारणाने का होईना, मला त्याचा आनंद आहे. वेगवेगळ्या प्रांतांत ट्रक नेणाऱ्याला वजनाचे आणि टायरचेसुद्धा नियम किती बदलतात, हे तुम्ही मला शिकवाल.

कोट्याविरुद्ध उघड बोललेला एक मोठा नेता म्हणजे मॅक्सिम बर्निए. २०१७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह नेतेपदाच्या शेवटच्या फेरीत त्यांना ४९.०५ टक्के मिळाले, अँड्रू शीअरना ५०.९५. दुग्धोत्पादक शेतकरी त्यांच्याविरुद्ध एकवटले होते. बर्निए यांचा बोस मतदारसंघ स्वतः गाईगुरांचा, आणि तरीही ते बोलले. त्या धैर्याचा मला आदर आहे. २०१८ मध्ये त्यांनी नवा पक्ष काढला, २०१९ मध्ये ते बोस हरले, २०२१ मध्ये पक्षाला ४.९ टक्के मतं आणि जागा एकही नाही, २०२५ मध्ये ०.७ टक्के. दरम्यान पक्षाचा मुख्य सूर स्थलांतर तूर्त थांबवा, असा झाला. तुम्हाला हवा तो ड्रायव्हर कामावर ठेवणं आणि त्याने हव्या त्या देशात येऊन कष्ट करणं, हेही मी स्वातंत्र्यातच मोजते. तुम्ही मोजत असाल तर हा पक्ष तुमचा नाही. मोजत नसाल, तर निदान आपण कर कमी करायला मत देतोय की दार लावायला, हे स्वतःशी स्पष्ट ठेवा.

राहिली लिबर्टेरियन पार्टी. १९७३ मध्ये स्थापन झालेला पक्ष, तत्त्वाने तुमच्या पत्राशी ओळ न् ओळ जुळणारा, पण बहुतेक मतदारसंघांत उमेदवारच नसतो. म्हणून आधी यादी लागू द्या आणि इलेक्शन्स कॅनडाच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून बघा. उमेदवार असेल आणि तुमचा मतदारसंघ एकतर्फी असेल, तर मी तुम्हाला निःशंक सांगितलं असतं, द्या. आल्बर्टाच्या ग्रामीण भागातल्या बॅटल रिव्हर–क्रोफुटमध्ये कॉन्झर्व्हेटिव्हला आणखी एक मत किंवा एक कमी, काही बदलत नाही. तिथे तत्त्वाचं मत निदान आकड्यात दिसतं. मताबरोबर पैसा मात्र जात नाही. मतामागे पक्षाला मिळणारं अनुदान २०१५ मध्ये संपलं. उमेदवाराला १० टक्के मतं मिळाली तरच खर्चाचा मोठा भाग परत मिळतो, आणि पक्षासाठी देशभरात २ टक्के, किंवा जिथे उमेदवार उभे केले तिथे ५ टक्के, अशी अट आहे.

पण तुम्ही २१ मतांच्या मतदारसंघात आहात. तिथे मी असं करीन. दोन मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना प्रचाराच्या पहिल्याच आठवड्यात गाठीन. ते दारावर येतात, नाही आले तर कार्यालयात जाईन. तीन प्रश्न विचारीन, तिन्ही त्यांच्या पक्षाला अडचणीचे. कॉन्झर्व्हेटिव्हला विचारा : ३३वं कलम वापरायच्या विधेयकावर तू कसं मत देशील? लिबरलला विचारा : न्यायाधीशाशिवाय बँक खाती गोठवण्याला तू पुन्हा मंजुरी देशील का? आणि दोघांनाही विचारा की पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत द्यायची वेळ आली तर कोणत्या विषयावर देशील. जो यातल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर देणार नाही, त्याला माझं मत नाही. दोघांनीही टाळलं, तर लिबर्टेरियनला द्या, किंवा ज्या अपक्षाने सरळ उत्तर दिलं त्याला. असं दिलेलं मत वाया गेलं, असं मी तुमच्या घरच्यांना मुळीच म्हणू देणार नाही. दोघांनी उत्तरं दिली आणि ती बरोबरीची निघाली, तर आज सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्या विरुद्ध बाजूला द्या. दीर्घकाळ सत्तेत राहिलेल्या पक्षाला नवे अधिकार घेण्याची सवय लागते, मग पक्ष कोणताही असो. अल्पमतातलं सरकार आपोआप सावध राहील, यावर विसंबू नका. आणीबाणी कायदा अल्पमतातल्या सरकारनेच लावला, इंटरनेटचे दोन्ही कायदेही त्यानेच आणले आणि दुसऱ्या पक्षांच्या मदतीने संमत करून घेतले.

आणखी एक, आणि हे मला मतापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. उमेदवार बरेचदा ठरतो पक्षाच्या स्थानिक सभेत. तिथे काहीशे माणसं येतात, कधी त्याहून कमी. तुमच्यासारखे वीस ट्रकमालक एकत्र सभासद होऊन गेले, तर निवडणुकीतल्या हजारो मतांइतका परिणाम होतो. बर्निए दोन टक्क्यांहून कमी फरकाने हरले ते अशाच सभासदांच्या मतांत. त्या दिवशी थोडी माणसं जास्त असती, तर कोट्याविरुद्ध बोलणारा नेता देशाच्या प्रमुख विरोधी पक्षाचा अध्यक्ष झाला असता. तुम्हाला मिल्टनमध्ये जो पक्ष कमी नावडता आहे, त्याचे सभासद व्हा, आणि उमेदवार निवडला जाण्यापूर्वी व्हा. जाहीरनामा छापून आल्यावर आपल्या हातात फक्त शिक्का उरतो.

---

प्रश्न : एकही उमेदवार पटला नाही तर कोरी मतपत्रिका टाकली तर त्याची नोंद होते का? — किचनर

उत्तर : संसदीय निवडणुकीत ती ‘बाद’ ढिगात जाते. ज्याने चुकून दोन नावांपुढे खूण केली त्याची आणि तुमची, एकाच आकड्यात. तुम्ही निषेध केला की चुकलात, हे कोणालाच कळत नाही. मोजणीच्या टेबलावर मी अशा मतपत्रिका उलगडल्या आहेत, आणि मागे लिहिलेले लांबलचक परिच्छेद आमच्याशिवाय कोणी वाचत नाही. ऑन्टारिओच्या प्रांतीय निवडणुकीत मात्र तुम्ही मतपत्रिका अधिकाऱ्याच्या हातात परत देऊन ‘मी मत नाकारतो’ असं सांगू शकता, आणि नाकारलेल्या मतांची गणती वेगळी होते. तो मार्ग तिथे वापरा.

प्रश्न : मी कॅल्गरीत पीआरवर (कायम रहिवासी) आहे, मत देता येत नाही. तोवर नुसतं बघतच राहायचं का? — कॅल्गरी

उत्तर : नाही. मतदान फक्त नागरिकांना, पण कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं सभासदत्व १४ वर्षांवरील कायम रहिवाशांनाही खुलं आहे. लिबरलांनी जानेवारी २०२५ मध्ये नियम कडक केले, तरी कायम रहिवाशांना जागा ठेवली. तिथे नोंदणीला शुल्क नाही. दोन्हीकडे नेतेपदाच्या आणि उमेदवाराच्या निवडीत तुमचं मत मोजलं जातं. पीआर असलेल्यांना देणगीही देता येते, आणि वर्षाला पहिल्या ४०० डॉलरवर ७५ टक्के करसवलत मिळते. म्हणजे ४०० दिले तर खिशातून खरे १०० जातात. नामांकनाच्या सभेत मत देण्यासाठी किती दिवस आधी सभासद असावं लागतं, हे तुमच्या मतदारसंघाच्या पक्षसंघटनेला ईमेलने विचारून घ्या आणि उत्तर जपून ठेवा. ती मुदत उलटून गेलेले लोक सभेच्या दारातून परत जाताना मी पाहिले आहेत.